अ‍ॅलर्जीच्या सर्दीने मुलीच्या अभ्यासावर खरंच एवढा परिणाम होतो का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बारावीला, सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाक कायम चोंदलेलं, पुस्तक घेऊन बसते पण अर्ध्या तासात टेबलावर डोकं टेकवते, आणि घरात सगळ्यांना वाटतंय की अभ्यास टाळायचे बहाणे चाललेत. होतं भाऊ, खरंच एवढं होतं. मी डॉक्टर नाही, चोपड्याकडे एका जिनिंगवर वजनकाट्याचं काम बघतो, पण १६व्या वर्षापासून मला हाच त्रास आहे, आता ३८वं चालू आहे, त्यामुळे जे भोगलं तेच सांगतो.

शिंका आल्या की घरभर ऐकू जातं पण रात्री काय होतं ते कोणालाच कळत नाही. ज्या कुशीवर झोपावं त्या बाजूची नाकपुडी बंद, कूस बदलली की दुसरी बंद, मग तोंडाने श्वास, दोन-अडीचला जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते, उठून तांब्याभर पाणी प्यायचं आणि परत पडायचं, डोळा लागतोय तोवर टाळूला आतून खाज. सकाळी घरचे म्हणतात आठ तास झोपला की! पण डोकं असं जड, जसं कोणी ओल्या सरकीचं पोतं ठेवलंय. त्या डोक्याने केमिस्ट्री होत नाही हो. मी बारावीला होतो तेव्हा माझी आजी म्हणायची, "सर्दीच शे, इतलं काय त्यात?" माया होती तिची, पण ते वाक्य ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं की मीच आळशी आहे, आणि खरं सांगतो, नाकापेक्षा त्या गोष्टीने जास्त त्रास दिला. म्हणून आधी तिला एवढं सांगा की आमचा तुझ्यावर विश्वास आहे.

आता गोळीचं. मी मेडिकलवरून सर्दीची साधी गोळी घ्यायचो, सीपीएमवाली (म्हणजे क्लोरफेनिरामाइन, अ‍ॅलर्जीचं जुनं औषध), शिंका थांबायच्या पण गुंगी यायची. एका सीझनला काट्यावर २७.४ क्विंटलच्या जागी २४.७ लिहिलं, २.७ क्विंटल कापसाचे पैसे कमी गेले त्या शेतकऱ्याला. संध्याकाळी तो पावती घेऊन १५ किलोमीटरवरून परत आला. ओरडला नाही, नुसती पावती समोर धरून उभा राहिला. मला अजून तो माणूस आठवतो. ब्रिटनमध्ये २००७ साली दहावीच्या वयाच्या मुलांचा अभ्यास झाला होता, त्यात परीक्षेच्या दिवसांत परागकणांच्या अ‍ॅलर्जीचा त्रास असलेल्या मुलांची ग्रेड सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त निघाली आणि गुंगीची गोळी खाणाऱ्यांची तर ७० टक्क्यांनी. म्हणजे रोग वेगळा नुकसान करतो आणि चुकीची गोळी वेगळं. तिला सध्या कुठली गोळी चालू आहे ते आजच बघा. फेक्सोफेनाडीन, बिलास्टीन अशा गोळ्यांनी सहसा गुंगी येत नाही, पण ठरवायचं डॉक्टरनेच. आणि गोळीवर मॉन्टेलुकास्ट लिहिलेलं असेल (हे अ‍ॅलर्जी-दम्याचं वेगळं औषध, आपल्याकडे ते सर्रास जोडून देतात) तर मूड, झोप, विचित्र स्वप्नं, वाईट विचार यांच्याकडे लक्ष ठेवा. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा टाकलाय. असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

मला फरक पडला तो नाकात मारायच्या स्टिरॉइड स्प्रेने. स्टिरॉइड म्हटलं की घरात घाबरतात, मीही दोन वर्षं टाळलं, पण त्याचा डोस छोटा असतो आणि काम मुख्यतः नाकातच होतं. चार दिवस मारून "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, पूर्ण परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात आणि रोज मारावा लागतो. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, स्प्रेचं तोंड बाहेरच्या बाजूला म्हणजे कानाच्या दिशेने, मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं, आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात. हे मला कोणी नीट दाखवलंच नव्हतं. नाक पाच मिनिटांत मोकळं करणारे ड्रॉप्स वेगळे बरं का, ते चार-पाच दिवसांच्या वर वापरले की उलट जास्त चोंदतं.

घरात गोधड्या-उशांचे अभ्रे ६० अंशाच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा, तिच्या खोलीत झाडूऐवजी ओलं फडकं फिरवा, मागे गाजरगवत असेल तर काढा पण तिच्या हाताने नको.

डॉक्टरकडे जाताना एक चूक करू नका जी मी १५ वर्षं केली. मी दरवेळी शिंकाच सांगायचो आणि दरवेळी तीच गोळी मिळायची. २००१ पासून जगभर डॉक्टर जी पद्धत वापरतात त्यात त्रास किती मोठा हे शिंका मोजून ठरवत नाहीत, झोप मोडते का, रोजची कामं-खेळ अडतात का, शाळा किंवा नोकरीवर परिणाम होतो का, त्रास सोसवेनासा झालाय का, यातलं एक जरी हो असलं तरी तो साधा त्रास राहत नाही. तुमच्या मुलीचे तर दोन नक्की हो दिसतायत. एलिझाबेथ ज्युनिपर नावाच्या संशोधक बाईंनी १९९१ मध्ये यासाठीच २८ प्रश्नांचा एक तक्ता केला, झोप, डोळे, चिडचिड सगळं आहे त्यात, आणि सतत रुमाल जवळ बाळगावा लागतो का हासुद्धा प्रश्न आहे. तो वाचून मी जरा वेळ गप्प बसलो होतो. लग्नाला जाताना माझ्या खिशात तीन रुमाल असतात, कोरोनानंतर एसटीत एक शिंक आली तरी शेजारचा उठून जातो, आणि हे कोणीतरी आजारातच धरलंय.

हिवाळ्यात शेतात पऱ्हाटीवर वांगी भाजतात तेव्हा वास येत नाही तिला? विचारून बघा. नाक चोंदलं की वास जातो, मग जेवणावरची वासनाही जाते, आणि आपण म्हणतो पोरगी नखरे करते.

परीक्षा फेब्रुवारीत असते, तेव्हा वाट न बघता आत्ताच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. आठवडाभर ती रात्री किती वेळा उठली, किती वाजता डुलकी आली ते तिलाच वहीत लिहू द्या आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. रात्री खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तेही आवर्जून सांगा, अशी अ‍ॅलर्जीची सर्दी असणाऱ्यांना दमा जोडीने असण्याची शक्यता जास्त असते.