दीड फुटाची टाकी आणि वाटाण्याएवढा मासा

प्रश्न : आमच्याकडे दीड फूट लांब, दहा इंच रुंद आणि दहा इंच उंच अशी टाकी आहे. दोन वर्षं गप्पी पाळले. पिल्लं वाटून वाटून थकलो. आता ओळखीत कुणाकडे नसेल असं काहीतरी हवंय. दुकानात तीन प्रकार पाहिले : गुलाबी-हिरव्या रंगाचे काचमासे, लाल पट्ट्याचे ‘मिस केरळ’ आणि वाटाण्याएवढा पिवळट पफर. नऊ वर्षांच्या मुलीने पफरचा हट्ट धरलाय. कोणता घ्यावा? आणि उरलेले गप्पी गोदावरीत सोडले तर चालतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीचं ऐका. पफर घ्या, पण एकच घ्या. आणि तोही लगेच नको, त्याच्या जेवणाची सोय झाल्यावर.

आधी बाकीचे दोन. काचमासा मुळात इतका पारदर्शक असतो की त्याच्या पाठीचा कणा मोजता येतो. त्याच्यातलं वेगळेपण तेवढंच आणि तेवढं पुरेसं आहे. गुलाबी-हिरवा रंग त्याला सुईने टोचून भरलेला असतो. काही महिन्यांत तो विटतो, आणि बरेचसे मासे तोवर टिकतही नाहीत. आपण घेतो म्हणून हा प्रकार चालतो, तेव्हा कृपा करून घेऊ नका. ‘मिस केरळ’ देखणा मासा आहे, आपल्या सह्याद्रीचाच. 2013 साली त्याच्यासाठी नवी प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली तेव्हा तिचं नावही ‘सह्याद्रिया’ ठेवलं, आणि त्या कामात पुण्याचे संशोधक होते. पण तो वाहत्या ओढ्यात थव्याने फिरणारा मासा. वाढून पाच-सहा इंचांचा होतो. तुमच्या टाकीत त्याला धड वळताही येणार नाही. चार फुटांची टाकी घ्याल तेव्हा त्याचा विचार करा.

पफर मात्र जन्मभर लहानच राहतो, जेमतेम इंचभर. दुकानात त्याला ‘पी पफर’ म्हणतात. केरळातल्या पंपा नदीतून सुंदरलाल होरा आणि नायर यांनी 1941 साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पफर म्हटलं की लोक पाण्यात मीठ घालायला धावतात. याला मीठ नको, हा पूर्ण गोड्या पाण्यातला आहे.

मला तो आवडतो तो त्याच्या बघण्यामुळे. त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. माझ्या टेबलावरच्या टाकीत एकदा पानावर छोटी गोगलगाय चालली होती. हा पठ्ठ्या तिच्यासमोर येऊन जागच्या जागी थांबला. शेपटी एका बाजूला मुडपलेली, फक्त मागचे बारीक पर थरथरत होते. एक डोळा गोगलगायीवर आणि दुसरा माझ्यावर! तिने शंखातून मान बाहेर काढेपर्यंत तो हलला नाही. मग एकच झडप. माझा चहा गार झाला तरी मी उठले नाही.

आता जेवणाचं. माझा पहिला पफर मी उपाशी मारला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘दाणे खातो.’ मी रोज दाणे टाकत होते, ते रेतीत जाऊन बसत होते आणि त्याचं पोट दिवसागणिक आत जात होतं. नवव्या दिवशी तो गेला. ते खपाटीला गेलेलं पोट अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पोट गोलसर आहे ना, ते बघा, आणि समोर खायला घालून दाखवा म्हणा.

त्याला लागतात छोट्या गोगलगाई आणि अळ्या. पाणवनस्पतींबरोबर गोगलगाई फुकट येतात. त्या एका बरणीत वेगळ्या वाढवा, त्यांना काकडीची चकती पुरते. पफरचे दात सतत वाढतात, ते शंख फोडून झिजतात. रोजच्यासाठी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या, मिळतात. घर शाकाहारी असेल तर ते फ्रीजमध्ये ठेवायचं आधी घरात बोलून घ्या. मासा आणल्यावर हा वाद नको. डासांच्या अळ्या तो आनंदाने खाईल, पण त्यासाठी बादलीत पाणी साठवून ठेवू नका, डेंग्यूला घरात बोलावल्यासारखं होईल.

एकच का, तर हे मासे हद्दीसाठी भांडतात आणि दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतात. तुमच्या टाकीत जेमतेम 25 लिटर पाणी मावतं, तिथे हरणाऱ्याला पळायला जागा नाही. शिवाय तो बहुधा नदीतून पकडून आणलेला असतो आणि तिथे त्याची संख्या घटते आहे. म्हणून एकच आणावा आणि नीट सांभाळावा.

गप्पींची टाकी धुऊन कोरडी करू नका. दोन वर्षांत फिल्टरच्या स्पंजवर जे जिवाणू वाढलेत तेच माशाच्या विष्ठेतला अमोनिया पचवतात. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. नळाच्या क्लोरिनने ते जिवाणू मरतात. जावा मॉस आणि उंच गवतासारख्या वनस्पती दाट लावा, त्याला लपायला आडोसा हवा. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. 50 वॉटचा हीटर बसवा आणि पाणी 24 ते 27 अंशांत ठेवा.

अळ्या-गोगलगाई जमणारच नसतील तर हनी गुरामीची जोडी आणा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा, शांत, कोरडं खाणंही खातो. पोटाखालच्या दोन दोऱ्यांनी तो समोरची प्रत्येक गोष्ट चाचपून बघतो. विणीच्या दिवसांत नराचा गळा काळानिळा होतो आणि तो पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मुलीला तेही बघत बसावंसं वाटेल.

गप्पी गोदावरीत अजिबात सोडू नका. ते दक्षिण अमेरिकेकडचे, कुठल्याही पाण्यात बेसुमार वाढतात आणि इथल्या लहान माशांचं खाणं पळवतात. दुकानदार बहुतेक परत घेईल. नाही घेतले तर महापालिकेच्या हिवताप विभागात विचारा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी बंदिस्त टाक्यांत सोडायला त्यांना गप्पी लागतात.