पैसे तुम्ही भरले, मग जुनं मॉड्यूल कंपनीत कसं गेलं?

प्रश्न : नमस्कार ताई. निफाड तालुक्यात माझी सहा एकर द्राक्षबाग आहे. पुण्याच्या शोरूममधून २६ लाखांना ऑटोमॅटिक गिअरचा पिकअप स्वतःच्या नावावर घेतला, मीच चालवतो. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. दोन वर्षं आठ महिने झाले असताना, ६१ हजार किलोमीटरवर, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकायला लागली. नाशिकच्या अधिकृत वर्कशॉपने सांगितलं, गिअरबॉक्सचं कंट्रोल मॉड्यूल गेलंय. पण हौद्यावर बाहेरून एलईडी दिवे बसवलेत म्हणून वॉरंटी लागू नाही. हंगाम चालू होता, १ लाख ३८ हजार भरून गाडी आणली. एकोणीस दिवसांत पुन्हा तेच. आता म्हणतात व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधलं तेल वळवून गिअर बदलणारा भाग) बदला, आणखी पावणेतीन लाख. जुनं मॉड्यूल मागितलं तर म्हणाले, कंपनीत गेलं. गाडी तीन महिने तिथेच आहे, आता दिवसाला ३०० रुपये पार्किंग मागतात. दरम्यान वॉरंटीची तीन वर्षंही उलटली. नवीन गाडीच मागावी का?

उत्तर : नमस्कार दादा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : जुनं मॉड्यूल ‘कंपनीत गेलं’.

नीट विचार करा. वॉरंटीत भाग बदलला की जुना भाग वर्कशॉप कंपनीकडे पाठवतं, कारण नव्या भागाचे पैसे कंपनी देते. पण तुम्हाला तर वॉरंटी नाकारली आणि नव्या मॉड्यूलचे पैसे तुमच्याकडून घेतले. मग जुना भाग तुमचा. तो कोणत्या कारणाने, कोणत्या कागदावर, कोणत्या तारखेला कंपनीकडे गेला? वॉरंटीचा दावाही केला आणि तुमच्याकडूनही पैसे घेतले, असं झालंच असेल असं मी म्हणत नाही. जुना भाग जमा करून नवा देण्याची पद्धतही असू शकते. पण तसं असेल तर बिलात त्याची वजावट दिसायला हवी. हा एक प्रश्न लेखी विचारला की पुढच्या बऱ्याच गाठी सुटतात.

दुसरी गोष्ट, ते मॉड्यूल खरंच खराब होतं का? हे मॉड्यूल म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू. वेगाचे सेन्सर आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्याकडून माहिती घेऊन ते कधी कोणता गिअर टाकायचा ते ठरवतं. माहिती तुटली की गाडी स्वतःला जपण्यासाठी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. पण ही माहिती तुटायला मॉड्यूलच जावं लागतं असं नाही. कमजोर बॅटरी, गंजलेली अर्थिंग, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, यांनीही स्कॅनरवर बिघाडाचा तोच कोड येतो. उदाहरणार्थ, यू-०१०१ या कोडचा अर्थ ‘मॉड्यूलशी संपर्क तुटला’ एवढाच. तो का तुटला, हे शोधायचं काम मेकॅनिकचं. नवं मॉड्यूल बसवूनही एकोणीस दिवसांत तोच बिघाड आला, याचा सरळ अर्थ निदान चुकलं असावं, किंवा नवं मॉड्यूल तुमच्या गाडीच्या चासी नंबरप्रमाणे नीट प्रोग्रॅम झालं नसावं. दोन्हींचा भुर्दंड तुमच्या माथी का?

म्हणून वर्कशॉपकडून दोन्ही वेळचे स्कॅन रिपोर्ट मागा. ते दिले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तीत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. नकारसुद्धा तुमच्या उपयोगाचाच आहे, फक्त तो लेखी मिळवा.

आता दिव्यांचं. वॉरंटीची पुस्तिका काढा आणि अपवादाचं कलम शब्दन् शब्द वाचा. बहुतेक पुस्तिकांत बाहेरच्या जोडणीमुळे ‘झालेला’ बिघाड वगळलेला असतो. बाहेरची जोडणी आहे एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द, असं क्वचितच लिहिलेलं असतं. तुमच्याही पुस्तिकेत ‘त्यामुळे झालेला’ असा अर्थ निघत असेल, तर दिव्यांच्या वायरिंगमुळे मॉड्यूल जळलं हे वर्कशॉपने दाखवायला हवं. ती वायर कुठून घेतली होती, फ्यूज होता का, मॉड्यूलवर जळाल्याची खूण होती का? पाहा, पुन्हा गाडी जुन्या मॉड्यूलपाशीच येऊन थांबते. माझ्याकडे आलेल्या एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात जळका पंप भंगारात गेला होता. दोन्ही बाजूंचे मेकॅनिक शपथेवर उलटसुलट सांगत राहिले, आणि तपासायला हातात काहीच उरलं नाही. त्या शेतकऱ्याचा चेहरा मी विसरलेले नाही.

वॉरंटी उलटली याची धास्ती घेऊ नका. पहिली तक्रार वॉरंटीत नोंदली गेली, जॉब कार्डवर (वर्कशॉपने गाडी घेताना केलेल्या नोंदीवर) तारीख आणि किलोमीटर आहेत, आणि दोष तेव्हापासून तोच आहे.

कंपनीवाले ‘द्राक्षाचा धंदा आहे, हे ग्राहकच नव्हेत’ असं म्हणतील. म्हणू द्या. स्वतःच्या कष्टावर पोट चालवण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच ग्राहक कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणाप्रमाणे व्यापारी हेतूत धरत नाहीत, आणि स्वतः ट्रक चालवून कमावणारा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. हेतू व्यापारी होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर, असंही त्या न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. गाडी तुमच्या नावावर आहे, चालवता तुम्ही. सातबारा आणि लायसन्स जोडा.

नवीन गाडी मागावी का? माझं मत, मुख्य मागणी म्हणून नको. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या प्रकरणात म्हटलं, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश होत नाही. मुळातला उत्पादनदोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. तुम्ही मागा : १ लाख ३८ हजार व्याजासह परत, संपूर्ण दुरुस्ती मोफत, आणि हंगामात भाड्याने घेतलेल्या गाड्यांचा खर्च. त्या भाड्याच्या पावत्या नसतील तर गाडीवाल्यांकडून आत्ताच लिहून घ्या.

एक चूक टाळा. याच २०१९ च्या कायद्यातल्या ‘उत्पादन दायित्व’ या प्रकरणाखाली तक्रार लिहू नका. त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान आणि धंद्यातला तोटा वगळलेला आहे, त्यामुळे तो रस्ता तुमच्यासाठी बंद आहे. ‘वस्तूतला दोष’ आणि ‘सेवेतली त्रुटी’ हेच तुमचे आधार. शोरूम, वर्कशॉप आणि कंपनी, तिघांनाही प्रतिवादी करा. नाहीतर प्रत्येक जण गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवतो.

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात होईल. खरेदी पुण्यात झाली तरी तुम्ही राहता तो जिल्हा चालतो. मोबदला २० ते ५० लाखांत असल्याने शुल्क हजार रुपये. मुदत दोन वर्षांची, आणि नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही. तक्रारीसोबतच अंतरिम (निकालाआधीच्या आदेशासाठीचा) अर्ज द्या : दोन्ही मॉड्यूल जपून ठेवावीत आणि कलम ३८ खाली गाडीची तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागेल, पण ती वाचवू नका. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर जा. अशा प्रकरणात कंपनीचा माणूस समोर बसला की तोडगा निघू शकतो, आणि तुम्हाला पुढच्या छाटणीआधी गाडी हवी आहे.

पार्किंगचं म्हणाल, तर केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने गॅरेजला दिलाय. पण पहिलं बिल तुम्ही चुकतं केलंय, दुसरं काम झालेलंच नाही. जॉब कार्डवर पार्किंगची अट तुमच्या सहीने नसेल तर ही मागणी लेखी नाकारा. गाडी सोडवायला भरावेच लागले, तर पावतीवर ‘हरकत नोंदवून’ असं लिहून भरा.

उद्याच वर्कशॉपला आणि कंपनीला ईमेल करा, तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. त्यात एवढंच : ‘अमुक जॉब कार्डवर काढलेलं जुनं मॉड्यूल, त्याचा भाग क्रमांक, ते पाठवल्याचा कागद आणि दोन्ही स्कॅन रिपोर्ट सात दिवसांत द्यावेत. माझ्या लेखी संमतीशिवाय गिअरबॉक्स उघडू नये.’ रागाचा शब्द नको. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप मूळ फोनमध्येच राहू द्या. फोन बदलू नका.

आणि हौद्यावरचे दिवे काढायचा मोह होईल, वर्कशॉपवालेही ‘काढून टाका’ म्हणतील. तज्ज्ञाची तपासणी होईपर्यंत त्या वायरला कुणाचाही हात लागू देऊ नका.