कॅमरी हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज पडलं : सव्वातीन लाखांची बॅटरी टाकू का नवी गाडी घेऊ?

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका वाचकाने लिहिलंय की त्यांची 2015 ची टोयोटा कॅमरी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हीवर चालणारी गाडी) आधी लिटरला 16 द्यायची, गेल्या दीड वर्षात 12 वर आली. महिन्याला सरासरी हजार किलोमीटर रनिंग. वर्कशॉपवाला म्हणतो हायब्रिड बॅटरी गेली, सव्वातीन लाख लागतील. साळेबुवा म्हणतात ही काढा आणि वीस लाखांचं लोन काढून नवीन हायब्रिड घ्या. आणि यांनी पोरीच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडायचं जवळपास नक्की केलंय.

भाऊ, एफडीला सध्या हात लावू नका. का ते सांगतो.

आधी नुकसान किती ते मोजू. पेट्रोल 104 धरू. 16 च्या अ‍ॅव्हरेजला हजार किलोमीटरला 6,500 रुपये लागतात, 12 ला साधारण 8,670. म्हणजे महिन्याला 2,170 जास्त, वर्षाचे 26,000. सव्वातीन लाख नुसत्या पेट्रोलमधून वसूल करायचे तर साडेबारा वर्षं लागतील, आणि तुमच्या गाडीची आरसी 2030 मध्येच रिन्यूला येते. म्हणजे "अ‍ॅव्हरेज वाढेल" या एका कारणासाठी बॅटरी टाकणं हिशोबात बसतच नाही. नव्या गाडीचं तर बोलूच नका, वीस लाख, 9 टक्के, पाच वर्षं, हप्ता 41,500 च्या घरात आणि व्याजच जवळपास 4.9 लाख. महिन्याचे दोन हजार वाचवायला साडेएकेचाळीस हजाराचा हप्ता काहून लावून घ्यायचा?

आता ते चार किलोमीटर गेले कुठे. तुम्ही जाता जाता लिहिलंय की पोरगी संभाजीनगरला शिकते आणि दर दोन महिन्यांनी समृद्धीने जाणं-येणं होतं. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली. जाऊन येऊन नऊशेच्या आसपास, म्हणजे तुमचं जवळपास निम्मं रनिंग आता हायवेचं झालं. हायब्रिडची खरी बचत गावातल्या ट्रॅफिकमध्ये होते, सीताबर्डीत सिग्नलला ब्रेक मारला की मोटर ती शक्ती बॅटरीत भरते आणि पुढे तीच वापरते, पण समृद्धीवर 120 ने गाडी सोडली की ब्रेक नाही, चार्जिंग नाही, सगळा भार इंजिनवर आणि वरून हवेचा विरोध. पुढच्या फेरीला 90-95 ने जाऊन पाहा, टाकी फुल करून पुन्हा त्याच पंपावर फुल करा आणि लिटर मोजा, डॅशबोर्डच्या आकड्यावर जाऊ नका.

दुसरं, E20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तुमची गाडी जुनी, त्यामुळे पाच-सहा टक्के गेलेच समजा. म्हणजे 16 चे 15. ते नवीन बॅटरी टाकूनही परत येणार नाहीत, आणि 15 धरून मोजलं तर वसुली पंधरा वर्षांच्याही पुढे जाते.

राहिलेल्यासाठी साध्या गोष्टी तपासा: टायरची हवा, अलाइनमेंट, एखादा ब्रेक चिकटून चाक घासतंय का, एअर फिल्टर, प्लग, 0W-20 हे पातळ इंजिन ऑइल सोडून जाड ऑइल तर टाकलं नाही ना. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला तर इंजिन तापतच नाही आणि त्यामुळे बंदही होत नाही, हेही पाहायला सांगा. आणि मागच्या सीटजवळ बॅटरीसाठी हवा ओढायची जाळी असते, तिथं धूळ बसली किंवा सामान टेकलं की बॅटरी तापते आणि कॉम्प्युटर तिचा वापर कमी करतो. नागपूरच्या मे महिन्यात 45 डिग्रीत तर विचारूच नका, त्यात एसीही त्याच बॅटरीवर चालतो, चार्ज उतरला की उभ्या गाडीत इंजिन सुरू होतं. जाळी आणि पंखा साफ करायला फार पैसे लागत नाहीत.

मग गाडीला मशीन लावून बॅटरीचं स्कॅन. या बॅटरीत 34 मॉड्यूल, म्हणजे छोटे सेल-संच, असतात, जोडी-जोडीने 17 ब्लॉक. गाडी चालू असताना, लोडवर, प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज दाखवणारा छापील रिपोर्ट मागा, तोही दुसऱ्या ठिकाणाहून. एक-दोन ब्लॉक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली पडत असतील तर बॅटरी खरंच थकली. तोपर्यंत "गेली" हा नुसता शब्द आहे.

आणि खरंच थकली असेल तर प्रश्न बदलतो, कारण या गाडीला वेगळा स्टार्टर नाही, इंजिन हायब्रिड बॅटरीच सुरू करते, ती पूर्ण गेली की गाडी जागची हलत नाही. अशा वेळी गाडी अजून पाच वर्षं ठेवणार असाल, इंजिन-बॉडी चांगली असेल, तर नवीन बॅटरी लेखी वॉरंटीसह टाका. सव्वातीन लाख भागिले पाच वर्षं, महिन्याला 5,400 पडतात, हप्त्यापुढे ते मला पटतात. वर्षभरात काढायचीच असेल तर बॅटरीवर खर्च करू नका, घेणाऱ्याला रिपोर्ट दाखवून कमी भावात द्या. एखाद-दोन जुने मॉड्यूल बदलून देणारे भेटतील, माझं मत नको, बाकीचे तेवढेच म्हातारे आहेत. इन्शुरन्सवर अवलंबून राहू नका, झीज पॉलिसीत बसत नाही.

पैशांचं असं करा, एसआयपी असेल तर ती चालू राहू द्या, आणि या महिन्यापासून दहा हजारांची आरडी फक्त गाडीसाठी लावा. बॅटरी लागली तर निम्मा-अर्धा भार तिच्यातून निघेल, नाही लागली तर पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट. पोरीची फी ठरलेल्या तारखेला भरावीच लागते, गाडी दोन महिने उभी राहिली तर चालतं.

एक मात्र पाळा. डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टम तपासायची वॉर्निंग एकदा जरी आली असेल तर स्कॅन होईपर्यंत घरच्यांना घेऊन समृद्धीवर जाऊ नका, पोरीला रेल्वेचं तिकीट काढून द्या. रिपोर्ट आला की सतराही आकडे मला पाठवा, मग बॅटरीचं ठरवू.