०.२२ रायफलच्या लांब सरावासाठी मुलीला कानरक्षक कोणते घ्यावेत?

आपण लिहिले आहे की आपली पंधरा वर्षांची मुलगी हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर रायफलवरून नुकतीच काडतुसाच्या ०.२२ रायफलकडे वळली आहे, शनिवार-रविवारी सहा-सहा तास रेंजवर असते, तिच्याजवळचा मोठा इअरमफ (कानांवर बसणाऱ्या दोन कपांचा रक्षक) तिला उकडतो आणि रायफलच्या बटला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाला, अडतो, म्हणून ती तो मधूनमधून काढून ठेवते. तेव्हा महागडा इलेक्ट्रॉनिक मफ घेऊन द्यावा का, असा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की तूर्त तो घेऊ नये. आधी तिला फोमचे इअरप्लग नीट घालायला शिकवावे, त्यावर पातळ कपांचा साधा मफ द्यावा आणि रेंजवर असेपर्यंत प्लग कानातून निघणार नाही, एवढी एकच गोष्ट तिच्या अंगवळणी पाडावी.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात असताना एका शिबिरात कापसाचे बोळे कानात घालून ०.२२ चालवली, आणि आता गेली नऊ वर्षे भाचीबरोबर कोल्हापुरातल्या रेंजवर जाऊन बसतो, एवढाच माझा अधिकार. त्या शिबिरात पहिल्या दिवशी संध्याकाळी कानाला दडे बसले, रात्री रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येत राहिला आणि सकाळी सगळे पूर्ववत झाले. पूर्ववत झाले म्हणजे काही बिघडले नाही, असे आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. पुढे चाळिशीत कानांची तपासणी केली तेव्हा डाव्या कानाचा आलेख ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाच्या, आसपास खड्ड्यात गेल्यासारखा खाली आलेला दिसला. उजवा त्या मानाने बरा होता. उजव्या हाताने रायफल धरणाऱ्याचा उजवा गाल बटावर टेकलेला असतो, त्यामुळे उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा नळीच्या तोंडाकडे वळतो, हे मला तपासनिसाने समजावले. आपली मुलगी डावखुरी असेल तर हेच उलट धरावे.

०.२२ चा आवाज लहान वाटतो, कारण तो फार थोडा वेळ टिकतो. प्रत्यक्षात नेमबाजाच्या कानापाशी त्याची कमाल पातळी १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकते. बारा बोअर किंवा मोठ्या काडतुसाच्या बंदुका १५० ते १६५ पर्यंत जातात. अशा क्षणिक आवाजासाठी प्रौढांची मर्यादा १४० मानली जाते, तर मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १२० सांगितली आहे, आणि आपली मुलगी पंधरा वर्षांची आहे. शिवाय तिच्या कानावर फक्त तिचेच बार येत नाहीत. शेजारच्या लेनमधले येतात, फायरिंग पॉइंटवरच्या, म्हणजे गोळी झाडायच्या जागेवरच्या, पत्र्याच्या छपराला आपटून परतणारेही येतात; स्वतःच्या गोळीची निदान मनाला खबर असते, शेजाऱ्याच्या गोळीची नसते. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केशपेशी या आवाजाने मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे यात उपचारापेक्षा खबरदारीलाच अर्थ आहे.

आता त्या काढण्या-घालण्याविषयी, कारण दोष नेमका तिथे आहे. डेसिबलचा हिशेब साध्या बेरीज-वजाबाकीचा नाही. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. समजा, आठ तास सतत गोंगाट आहे आणि ३० डेसिबल अडवणारा उत्तम रक्षक आपण त्यांपैकी फक्त अर्धा तास काढून ठेवला, तर दिवसभराचे मिळून संरक्षण १२ डेसिबलच्या वर जात नाही. गोळीबार सतत नसतो, तेव्हा हे गणित तिथे जसेच्या तसे लागू होत नाही; पण उघड्या कानावर शेजारचा एकच बार आला तरी पुरतो, म्हणून परिस्थिती याहून सोपीही नाही. माझी भाची सुरुवातीला प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून नेम धरताना, दोन गोळ्यांच्या मध्ये अंगठ्याने उजवा कप वर उचलायची, कानाला वारा लागू द्यायची आणि पुन्हा सोडायची. सोडलेला कप केसांच्या बटेवर बसायचा, फट राहायची, आणि तिला ते कळायचेही नाही. रक्षक किती डेसिबल अडवतो, हा खोक्यावर छापलेला आकडा त्या फटीपाशी संपतो.

म्हणून मी प्लगला पहिला मान देतो. प्लग घालण्याची रीत अशी: हात साबणाने धुवावेत, कारण काडतुसे हाताळलेल्या बोटांना शिसे लागलेले असते आणि त्याच बोटांनी आपण फोम वळणार असतो. मग प्लग तीन बोटांत धरून हळूहळू वळत एकही सुरकुती न राहता वातीसारखा बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. बहुतेक जण शेवटची पायरी गाळतात; प्लग अर्धा बाहेर डोकावत राहतो आणि मग ‘याने काही फरक पडत नाही’ अशी तक्रार होते. नीट बसला असेल तर आपलाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो. फोमचा प्लग धुऊन पुन्हा वापरू नये. जोडी दहा-वीस रुपयांना मिळते, तिथे काटकसर नको. वारंवार घालायचा कंटाळा असेल तर सिलिकॉनचे, तीन चकत्यांचे प्लग धुता येतात, पण ते सगळ्यांच्या कानात सारखे बसत नाहीत. कानात मळ साठला असेल किंवा कान दुखत-वाहत असेल तर मात्र आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

प्लगवर मफ घेताना दोन्ही खोक्यांवरच्या डेसिबलच्या आकड्यांची बेरीज करू नये. ३० चा प्लग आणि २५ चा मफ मिळून ५५ होत नाहीत. दोहोंतल्या मोठ्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते, कारण त्यापुढे आवाज कवटीच्या हाडांतून आत शिरतो. तरीही ही भर मोलाची आहे, आणि त्याहून मोलाची गोष्ट ही की उकडले म्हणून मफ क्षणभर उचलला तरी प्लग जागेवर असतो. खोक्यावरचा एनआरआर हा अमेरिकी पद्धतीचा आकडा आहे, एसएनआर युरोपीय पद्धतीचा. एका खोक्यावरचा एनआरआर दुसऱ्या खोक्यावरच्या एसएनआरशी ताडून पाहू नये. दोन्ही आकडे प्रयोगशाळेत, नीट बसवलेल्या रक्षकावर, सलग आवाजात काढलेले असतात. अमेरिकेत कामगारांसाठीचा एक ढोबळ नियम एनआरआरमधून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरायला सांगतो, म्हणजे २७ चे १० उरतात. मला तो फार कडक वाटतो, पण दुकानात उभे असताना लक्षात असू द्यावा.

मफ रायफल बरोबर असल्याशिवाय घेऊच नये. दुकानात तो छान बसतो, आणि चीकपीसवर, म्हणजे बटाच्या गाल टेकवायच्या भागावर, गाल टेकला की खालची कड बटाला लागून कप वर ढकलला जातो. रेंजवर कुणाचा तरी पातळ कपांचा मफ मागून घ्यावा आणि मुलीला प्रोन, नीलिंग (गुडघ्यावर बसून), स्टँडिंग (उभे राहून) अशा तिन्ही स्थितींत दहा-दहा मिनिटे बसू-उभे राहू द्यावे. नेमबाजीच्या चष्म्याची दांडी जाड असेल तर उशी तिच्यावर उचलली जाते. दांडी बारीक हवी. कुठल्याच मफचे बटाशी पटत नसेल, तर नुसते चांगले बसलेले प्लग हे फट असलेल्या जोडीपेक्षा श्रेयस्कर.

इलेक्ट्रॉनिक मफ वाईट नाही. तो हळू आवाज वाढवून ऐकवतो आणि मोठा आवाज मात्र दाबतो, त्यामुळे दिवसभर सूचना देणाऱ्या प्रशिक्षकासाठी तो उत्तम आहे. पण आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत नेमबाजाला आवाज ग्रहण करणारे उपकरण असलेला रक्षक स्पर्धेत चालत नाही, आणि जे स्पर्धेत वापरता येणार नाही त्याची सवय सरावात लावण्यात मला शहाणपण दिसत नाही. प्रशिक्षकांशी बोलायचे असेल तर फायरिंग पॉइंट सोडून रेंजबाहेर यावे, हे बरे. गाणी ऐकायचे, गोंगाट कमी करणारे इअरबड हे संरक्षण नव्हे, हेही जाता जाता तिला सांगावे. भाचीच्या मैत्रिणींशी मला यावरून बराच वाद घालावा लागला आहे.

आपल्याकडे कोल्हापुरात तेजस्विनी सावंत, राही सरनोबत हे नेमबाज आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे पालक रायफल, जॅकेट, बूट यांवर हात सैल सोडतात आणि कानांची पाळी शेवटी येते. प्रत्यक्षात हा खर्च सर्वांत लहान आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना सुरक्षा-साहित्य पुरवणारी दुकाने उद्यमनगरात आहेत; प्लगचे खोके आणि साधा मफ तिथे पाहावा. पुढे ती या खेळात टिकली, तर ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) कानाचा साचा घेऊन करून मिळणारे प्लग जरूर करावेत. मात्र वाढत्या वयात कानाचा आकार बदलतो, तेव्हा इतक्यात घाई नको.

उन्हाळ्यात घामाने आणि पावसाळ्यात दमटपणाने मफच्या उशा लवकर कडक होतात, चिरतात. रोज ओल्या फडक्याने पुसून वाळवाव्यात आणि सहा-आठ महिन्यांनी बदलाव्यात. म्हणून ज्याच्या सुट्या उशा मिळतात असाच मफ घ्यावा. आणि ०.२२ चा सराव वाढण्याआधी, आत्ताच, तिच्या दोन्ही कानांची ८००० हर्ट्झपर्यंतची तपासणी करून तो कागद फाइलला लावावा. तपासणीच्या आदल्या दिवशी रेंजला सुट्टी द्यावी, नाहीतर आलेखात कालचे बार दिसतील.