बुटात पाय आणि एक मोजा, बस्स!

स्की बूट पायाला बसवून देणं हे माझं काम. हंगामाच्या तोंडावर प्रश्नांचा ढीग येतो आणि त्यातले निम्मे थर्मलबद्दलचे, म्हणजे पँटच्या आत घालायच्या उबदार कपड्याबद्दलचे असतात. ते बुटात घालायचं की बाहेर ठेवायचं? मी हे आधीही लिहिलंय. तरी कुणीतरी कुणाला सांगतं, ‘खोचून घाल, ऊब राहते’, की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर.

प्रश्न : थर्मल पँटचं टोक बुटात खोचावं का?

नाही.

प्रश्न : माझं थर्मल घोट्यापर्यंत येतं. वर सरकवलं तर पोटरीवर गोळा होतं, खाली सोडलं तर नडगी दुखते. काय करू?

नडगीवर हात फिरवून बघा. कातडीखाली थेट हाड लागतं, मध्ये मांस जवळजवळ नाहीच. प्रत्येक वळणावर तुम्ही गुडघा पुढे झुकवता आणि बुटाची जीभ त्याच हाडावर दाबली जाते. तिथे थर्मलची शिवण किंवा एखादी चुणी आली, तर दिवसभरात ती शेकडो वेळा हाडावर रेटली जाते. संध्याकाळी दिसणारा लाल पट्टा तिचाच.

यावर उपाय म्हणजे पाऊण लांबीचं थर्मल. ते बुटाच्या काठाच्या वर संपतं. मोजा ताणून काठाच्या वर आणा आणि थर्मलचं टोक त्याच्यावर जेमतेम टेकू द्या. नवं घ्यायचं नसेल तर आहे तेच कापा आणि कडेला सपाट टीप मारून घ्या. जाड दुमड नको. आणखी एक : स्की पँटच्या आत लवचीक कडेचा जो झालर-पट्टा असतो, तो बुटाच्या बाहेरून चढवायचा. तोही बुटात कोंबणारे मी दर हंगामात बघतो.

स्की थांबवूनही नडगी चार-पाच दिवस दुखत राहिली किंवा हाडावर एकाच बिंदूला दुखत असेल, तर बूट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पाय फार गारठतात. दोन मोजे घातले तर?

आणखी गारठतील. बुटातली जागा ठरलेली असते. दुसरा मोजा ती भरतो, पाय आवळला जातो आणि बोटांपर्यंत रक्त नीट पोचत नाही. शिवाय दोन मोजे एकमेकांवर घासून फोड येतात ते वेगळेच. एकच पातळ, लांब मोजा घाला. उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत बसल्यावर बकल सैल करा, उतरण्याआधी आठवणीने लावा.

प्रश्न : दुकानात सांगितलं, ‘आत थर्मल आणि जाड मोजा येणार, तर एक नंबर मोठा घ्या.’ घेतला. पहिल्या दिवशी मस्त वाटला. आता टाच उचलली जाते, बकल शेवटच्या दातावर लावतो, तरी पाय दुखतो. गेल्या हंगामापासून अंगठ्याचं नखही काळं आहे.

या सल्ल्याचा मला मनस्वी राग आहे. बूट मोठा दिला की गिऱ्हाईक पाच मिनिटांत हसतं, पैसे मोजतं आणि जातं. योग्य मापाचा बूट सुरुवातीला घट्ट लागतो, तो विकायला वेळ आणि तोंड दोन्ही खर्ची पडतं.

स्की बुटाचं माप मॉन्डोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ यांचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच एकच असतं. म्हणजे ‘अर्धा नंबर मोठा’ घेऊन कित्येकदा काहीच बदलत नाही आणि एक नंबर मोठा घेतला की कवचच बदलतं. खरी परीक्षा साधी आहे. लाइनर, म्हणजे कवचाच्या आतला मऊ बूट, बाहेर काढा, रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे साधारण एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी. मग लाइनर घालून, पातळ मोज्यावर, बकल लावून उभे राहा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे झुकवल्यावर टाच मागे बसून ती सुटली पाहिजेत. दुकानात बूट घालून निदान वीस मिनिटं काढा. पाय फुगलेले असतात तेव्हा, म्हणजे संध्याकाळी जा.

मोठ्या बुटात काय होतं? लाइनर वापराने दबतो, जागा आणखी वाढते. पाय पुढे सरकून नख आपटतं. तुम्ही बकल आवळता, तर दाब पावलाच्या वरच्या बाजूला येतो, तिथल्या नसा दबतात आणि बोटं बधिर होतात. मग तुम्हाला वाटतं बूट घट्ट आहे! माझाही पहिला बूट असाच मोठा होता, दोन नखं गमावल्यावर अक्कल आली.

बूट फिटरकडे जा, सोबत रोजचा मोजा न्या. कवच एकाच जागी टोचत असेल तर तिथे फुगवता येतं, पण सगळीकडून मोठं असलेलं कवच लहान करता येत नाही. काळं नख मात्र डॉक्टरांना दाखवा. एक हंगाम थांबलात, तेच खूप झालं.

प्रश्न : थर्मल मेरिनो लोकरीचं की सिंथेटिक?

दोन्ही चालतं. सुती नको, घाम धरून ठेवतं.

प्रश्न : मला मधुमेह आहे. पायाला मुंग्या येतात. बॅटरीवर तापणारे मोजे घेऊ का?

आधी डॉक्टर, मग मोजे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. मोजा जास्त तापला किंवा बूट चावला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. मुंग्या बुटामुळे की नसांमुळे, हे मी इथून सांगू शकत नाही. दुकानदार तर नाहीच नाही.

आणि हे मधुमेह नसलेल्यांनाही : बोट पांढरं पडून बधिर झालं, तर ‘अजून एक फेरी’ नको. आत या, बूट काढा. बोट चोळू नका, हीटरला लावू नका, लगेच वैद्यकीय मदत घ्या.

प्रश्न : ओले लाइनर हीटरवर वाळवले तर?

नको. बाहेर काढून खोलीत हवेवर ठेवा.

प्रश्न : भावाचे पंधरा वर्षांपूर्वीचे बूट फुकट मिळताहेत. जरा मोठे आहेत, थर्मल आत खोचून जागा भरून काढता येईल ना?

वर लिहिलेलं पुन्हा वाचा. शिवाय जुनं प्लास्टिक ठिसूळ होऊन उतारावरच तडकू शकतं. बूट बदलला की स्कीवरचं बाइंडिंगही (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) त्या बुटाच्या तळव्याच्या लांबीप्रमाणे तंत्रज्ञाकडून पुन्हा लावून घ्यावं लागतं, ते कुणी सांगितलं नसेलच.