कटपीस घेताना काय पाहावे?

प्रश्न : सेलमध्ये बेळगावच्या एका मोठ्या कापड दुकानातून मुलींच्या परकरांसाठी स्वस्त कटपीस घेण्याचा विचार आहे. कापडाची पारख कशी करावी?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : भावाआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, पाहावा. ३६ इंची पन्ह्याचे मीटरभर कापड ४४ इंची कापडापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी भरते, त्यामुळे तेथील स्वस्ताई पुष्कळदा दिसण्यापुरतीच असते. तुकडा पूर्ण उलगडून उजेडाकडे धरावा, म्हणजे तुटलेले धागे, डाग आणि घडीवर विटलेला रंग लपत नाही. हे दुकानातच करावे, कारण कटपीस सहसा परत घेत नाहीत. सुती म्हणून घेतलेल्या कापडाचे दोन धागे घरी जपून जाळून पाहिल्यास खऱ्या सुताची मऊ राख होते व कागद जळाल्यासारखा वास येतो, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते. सुती कापड आटते, म्हणून थोडे जास्त घ्यावे आणि भिजवून, वाळवूनच शिवायला टाकावे.

खणाचे परकर शिवायचे असतील, तर मात्र घाई करू नये. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण आणि त्याच नक्षीचा यंत्रमागाचा खण शेजारी ठेवून पाहावेत. विणकराच्या श्रमाचे मोल सेलच्या भावात बसेल, अशी अपेक्षा आपणही ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.