आधी किनारा निवडा, मग प्रवाळ

रात्रीच्या स्कूबाबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. जवळपास सगळ्यांचा पेच एकच आहे : घरातलं एक माणूस पाण्यात उतरणार, दुसरं उतरणार नाही. म्हणून ती इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझा ॲडव्हान्स्ड कोर्स झाला आहे, तीसेक डाइव्ह गाठीशी आहेत. पत्नीला पोहता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. जानेवारीत आम्ही दोघं अंदमानात हॅवलॉकला जातोय. एक तरी रात्रीचा डाइव्ह करायचा आहे. जागा कुठली निवडू? तिला बोटीवर सोबत न्यावं का? (दादर)

उत्तर : बोटीवर नेऊ नका. दिवसा बोटीवर बसलेल्याला निदान क्षितिज दिसतं, नजर स्थिर ठेवता येते. काळोखात तेही नसतं. नांगरलेली बोट लाटांवर डोलत राहते आणि ज्यांना दिवसा काही होत नाही त्यांनाही मळमळायला लागतं. तयारी, सूचना, पंचेचाळीस मिनिटांचा डाइव्ह आणि परतीचा प्रवास मिळून दोन-अडीच तास जातात. त्यात बोटीवरच्या माणसांचं लक्ष पाण्यातल्या टॉर्चवर असतं, आणि तसंच असायला हवं. पाहुण्याची विचारपूस करायला त्यांना सवड नसते.

त्यामुळे जागा निवडताना उलटीकडून सुरुवात करा. आधी पत्नीला बसायला योग्य किनारा शोधा, मग त्याच्यासमोरचं प्रवाळ पाहा. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर, हे जमण्यासारखं आहे. पूर्व किनाऱ्यालगतच्या नेमो रीफवर वाळूतून चालत उतरता येतं आणि पाणी उथळ आहे. लाइटहाऊस नावाची जागाही रात्रीसाठी वापरतात, पण तिथे बोटीनं जावं लागतं. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं ऐकून मोह होईल. त्या खोल जागा आहेत, दिवसासाठी ठेवा. रात्री बारा मीटरच्या खाली जाण्यात काही मिळकत नाही, कारण टॉर्चच्या झोतात जेवढं येतं तेवढंच तुमचं जग असतं आणि पाहण्यासारखं बरंचसं उथळातच असतं. पोपटमासा स्वतःभोवती पातळ चिकट कोश विणून प्रवाळाच्या खोबणीत झोपलेला सापडतो. कोळंब्यांचे डोळे झोतात निखाऱ्याच्या ठिणग्यांसारखे लाल चमकतात. दिवसा मिटलेले प्रवाळाचे तंतू रात्री खायला बाहेर येतात, आणि सकाळी पाहिलेला खडक तोच का असा प्रश्न पडतो. झोपलेल्या माशावर झोत रोखून धरू नका. तो बिथरून कोश सोडून पळाला तर उरलेली रात्र त्याला उघड्यावर काढावी लागते.

तीच जागा त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी उजेडात करून ठेवा. हा नियम मोडू नका. आत-बाहेर करायची वाट, वाळू संपून प्रवाळ कुठे लागतं, परतीची दिशा, हे सगळं तेव्हाच डोक्यात बसतं. पत्नीनंही त्याच वेळी किनाऱ्यावर यावं आणि चार गोष्टी पाहाव्यात : पाठ टेकायला जागा, स्वच्छतागृह, मागे दिव्याचा उजेड, आणि नेमक्या त्या ठिकाणी फोन लागतो का. एक फोन करूनच पाहा. वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी फार चावतात, तेव्हा लांब पँट आणि मलम हवं. अंदमानात काही भागांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. काळोख पडल्यावर तिनं गुडघाभर पाण्यातही उभं राहू नये. किनाऱ्यावरच्या पाट्या नीट वाचा आणि तो किनारा अंधारानंतर खुला असतो का, हेही स्थानिकांना विचारून घ्या.

आता भरती-ओहोटी. कोकणातला हिशोब आपल्याला पाठ असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ; चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. हा हिशोब अंदमानात चालत नाही. श्री विजयपुरम्, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, तिथलं भरतीचं कोष्टक घ्या. तिथी बघायची ती वेगळ्या कारणासाठी. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी. शक्य असेल तर रात्रीचा डाइव्ह भांगाच्या दिवसांत धरा, आणि पाण्याबाहेर यायची वेळ पूर्ण भरतीच्या जवळ येईल असं पाहा. किनाऱ्यावरून केलेल्या डाइव्हमध्ये गडबड होते ती बहुधा इथेच. ओहोटीत पाणी मागे जातं, आणि मघाशी ज्या खडकावरून तरंगत गेलात त्याच्यावरून आता पाठीवर सिलिंडर आणि हातात फिन्स (पोहताना पायात घालायचे पंखे) घेऊन काळोखात चालावं लागतं. पाय मुरगळतो, समुद्री साळिंदराचे काटे घुसतात आणि पायाखालचं प्रवाळही मोडतं. हवं तसं पाणी जुळत नसेल तर दिवस बदला.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. वेळ तीच, पण अंदमान मुंबईच्या कितीतरी पूर्वेला. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. पावणेसहाला उतरलात तरी काळोख असतो आणि साडेसातला दोघंही जेवायला बसलेले असता.

पत्नीला करता येण्यासारखं एक खरोखर उपयोगाचं काम आहे. किनाऱ्यावर एकामागे एक दोन दिवे ठेवायचे : एक पाण्याच्या कडेला जमिनीलगत, दुसरा दहा-पंधरा पावलं मागे आणि माणसाच्या उंचीवर. बाहेर येताना वर तोंड काढलंत आणि दोन्ही दिवे एकावर एक दिसले तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. वरचा डावीकडे सरकलेला दिसला तर तुम्ही वाटेच्या डावीकडे गेलाय, उजवीकडे या. आजूबाजूच्या हॉटेलांच्या दिव्यांत गोंधळ होऊ नये म्हणून दिवे रंगीत असावेत. हातातला टॉर्च मात्र तिनं समुद्राकडे हलवू नये. पृष्ठभागावर टॉर्च मोठ्या कमानीत हलवणं म्हणजे मदतीची हाक. टॉर्चनं सावकाश काढलेलं मोठं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. हे दोन संकेत तिला आधी दाखवून ठेवा. तुम्ही खाली असताना तिला पाण्यात हिरवट उजेडाचा डाग सरकताना दिसेल. तो दोन मिनिटं दिसला नाही तर घाबरू नये, तुम्ही खडकाआड असाल.

वेळा कागदावर लिहून तिच्या हातात द्या, तोंडी सांगू नका. उदाहरणार्थ : उतरलो ५.५०, बाहेर ६.३५. सात वाजेपर्यंत कोणी वर आलं नाही तर डाइव्ह सेंटरच्या किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायचं, त्यानं लगेच हालचाल केली नाही तर ११२. तिनं पाण्यात उतरायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत. किनाऱ्यावर माणूस ठेवत नाही असं सेंटर म्हणालं तर दुसरं सेंटर शोधा. आणि कागदावरची वेळ तुम्हीही पाळा. सिलिंडरमधल्या हवेचा दाब २०० बार असताना निघालात तर १२५ ला वळायचं आणि ५० शिल्लक ठेवून बाहेर. खाली कितीही छान दिसत असलं तरी वर कोणीतरी घड्याळ बघत बसलेलं आहे.

प्रवासाच्या शेवटच्या रात्री हा डाइव्ह ठेवू नका. लागोपाठ दिवस डाइव्ह केले असतील तर विमानाआधी किमान १८ तास हवेत. रात्री सातला बाहेर आलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या आधीचं विमान चालत नाही.

प्रश्न : मुलगी डाइव्ह करते, मी फक्त स्नॉर्केल करते. रात्री दोघींना एकच गोष्ट, एकाच वेळी पाहता येईल अशी जागा आहे का? (ठाणे)

उत्तर : आहे, आणि फार सुंदर आहे, पण लांब. हवाईच्या बिग आयलंडवर, कोना किनाऱ्याला, रात्री मांटा, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, पाहतात. डाइव्हर दहा-बारा मीटरवर तळाशी बसून टॉर्च वर रोखतात. स्नॉर्केल करणारे वर दिवे लावलेल्या फळीला धरून तरंगतात. उजेडाकडे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, जमतात आणि ते खायला मांटा मधल्या पाण्यात कोलांट्या घेतात. मांटाला नांगी नसते. तिला हात लावायचा नाही, अंगावरचा संरक्षक थर निघतो.

जवळचं हवं असेल तर मालदीव. मुंबईहून थेट विमानानं मालेला तीन तासांच्या आत पोचता. खोली घेण्याआधी एवढंच विचारा : हाउस रीफ, म्हणजे हॉटेलासमोरचं प्रवाळ, जेट्टीपासून किती पावलांवर आहे, आणि रात्री स्नॉर्केलला सोबत माणूस देता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर तुम्ही जेट्टीवरूनच पाहा. दिव्याखालच्या पाण्यात पुष्कळ काही येतं. उतरलातच तर लाइफ जॅकेट घाला, त्याला छोटा दिवा लावा, आणि मुलगी जिथून वर येणार त्याच्या बरोबर डोक्यावर थांबू नका.

प्रश्न : एवढ्या लांब कशाला, मालवण-तारकर्लीला रात्रीचा डाइव्ह होणार नाही का? (बोरिवली)

उत्तर : तिथे मुख्यतः प्रशिक्षण नसलेल्यांना दिवसा हात धरून खाली नेतात. त्या प्रकारात रात्री उतरायचंच नाही, कोणी तयारी दाखवली तरीही. प्रमाणपत्र असलं तरी त्या पाण्यात रात्रीचा आग्रह धरू नये : पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, आणि मच्छीमारांची नायलॉनची जाळी टॉर्चच्या उजेडात अंगाला लागेपर्यंत दिसत नाहीत. दिवसा मात्र अवश्य जा. तुम्ही पाण्यात असताना सोबतचं माणूस सिंधुदुर्ग किल्ला पाहून येतं.

प्रश्न : डाइव्ह टॉर्च विमानात कुठल्या बॅगेत ठेवायचा? (पार्ले)

उत्तर : हातातल्या. लिथियमचे सुटे सेल चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. सेल टॉर्चमधून काढून प्लॅस्टिकच्या डबीत वेगळे ठेवा. टॉर्च बॅगेत चुकून चालू झाला तर पाण्याबाहेर तो भयंकर तापतो. पोचल्यावर सेल बसवताना झाकणाची रबरी रिंग उजेडात फिरवून बघा. एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी शिरतं. मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस पुरे, जास्त लावलं तर त्यालाच वाळू चिकटते. आणि टॉर्च माणशी दोन घ्या. दुसरा बीसीडीच्या (सिलिंडर अडकवायच्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटच्या) खिशात, हात घातल्याबरोबर लागेल असा.